घमेल्यापासून थापीपर्यंत



सेमिनारसाठी विषय शोधत होते तेव्हा एका सरांनी सुचवलं, "वुमन इन कन्स्ट्रक्शन घे. मटेरियल भरपूर मिळतं." मटेरियल खरंच भरपूर मिळालं, पण जवळजवळ सगळं अमेरिका-इंग्लंडचं. तिकडचा प्रश्न असा, की गवंडी, सुतार, वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन अशा कुशल कामांकडे मुली वळतच नाहीत. मग त्यांना आणायचं कसं? आणि ज्या येतात त्या चार-दोन वर्षांत सोडून जातात, त्यांना टिकवायचं कसं?

हे वाचत होते तेव्हा होस्टेलच्या नव्या विंगचं काम समोरच चालू होतं (मिक्सरच्या आवाजात पी.एल. काढलेल्या सर्व होस्टेलवासीयांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको!). मी सहज डोकी मोजली. एकोणीस माणसं, त्यात आठ बायका. म्हणजे 'आणायचं कसं' हा प्रश्न आपल्याकडे केव्हाच सुटलाय की! आपल्या साईटवर बायका आहेत, आणि त्या काही काल-परवा आलेल्या नाहीत. पण आठच्या आठ जणींच्या डोक्यावर घमेलं होतं. थापी एकीच्याही हातात नव्हती.

थापी म्हणजे काय, हे इथल्या बऱ्याच जणांना सांगावं लागेल. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मला हा शब्द टी.ई. सिव्हिलला आल्यावर कळला. पुस्तकात तिला 'ट्रॉवेल' म्हणतात. गवंडी जिने माल उचलून विटेवर पसरतो ती. ज्याच्या हातात थापी तो गवंडी, ज्याच्या डोक्यावर घमेलं तो बिगारी. हजेरी, म्हणजे रोजचा पगार, याच्यावर ठरते. गवंड्याची हजेरी बिगाऱ्याच्या दीडपट, कधी दुप्पट. साईटवर दोघं पाच फुटांच्या अंतरावर उभी असतात. हे पाच फूट पुरुष बिगारी तीन-चार वर्षांत ओलांडतो. बाई वीस वर्षं काम करूनही ओलांडत नाही. का, ते शोधायचा हा प्रयत्न आहे.

पहिलं उत्तर सगळे देतात ते ताकदीचं. "बायकांना झेपणार नाही." आमच्या वर्गातल्या मुलांनीही हेच सांगितलं. चला, गणित करू. भाजलेली एक वीट साधारण ३ किलोची. मावश्या डोक्यावर एका वेळी दहा विटा नेतात, म्हणजे ३० किलो. बाईचं स्वतःचं वजन ४५ किलो धरा. दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबपर्यंत उंची ६ मीटर. ७५ गुणिले ९.८१ गुणिले ६, म्हणजे एका फेरीला सुमारे ४,४०० ज्यूल. अशा दिवसाला पन्नास फेऱ्या धरल्या तर २२० किलोज्यूल, आणि तेही कठडा नसलेल्या जिन्यावरून, साडी सावरत (मेकॅनिकलवाल्यांनी आकडे तपासून बघायला हरकत नाही). आता गवंड्याचं बघा. तो दिवसभरात पाच-सहाशे विटा लावतही असेल, पण एका वेळी एकच उचलतो, ती तीन किलोची, आणि गुडघ्यापासून छातीपर्यंत. त्याचं काम सोपं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. ओळंबा धरणं, दोरीत थर आणणं, सांधे मोडून बांधणं याला डोळा आणि हात लागतो. पण ताकद? ती ज्या कामाला जास्त लागते ते काम आपण बायकांना दिलंय आणि कमी लागते ते पुरुषांना. तेव्हा ताकदीचा मुद्दा इथेच बाद.

दुसरं उत्तर शिक्षणाचं. "त्यांना कोणी शिकवलं नाही ना." हे खरं आहे, पण गवंड्याला तरी कोण शिकवतं? आपल्या देशातले बहुतेक गवंडी आय.टी.आय.मधून येत नाहीत. मी नव्या विंगवरच्या मिस्त्रीकाकांना विचारलं, तुम्ही कुठे शिकलात? ते हसले. म्हणाले, "चुलत्याच्या हाताखाली होतो. दुपारी जेवून तो लवंडला की त्याची थापी घ्यायची आणि मागच्या भिंतीला दोन विटा लावून बघायच्या. वाकडी गेली की शिव्या. असं करता करता एक दिवस त्यानंच थापी हातात दिली."

या तीन-चार वाक्यांत सगळी गोम आहे. हे कौशल्य वर्गात शिकवलं जात नाही. ते शेजारी उभं राहून, उसन्या थापीवर, जेवणाच्या सुट्टीत चोरून शिकायचं असतं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: शिकवणारा नात्यातला किंवा ओळखीचा, रिकामा अर्धा तास, आणि वाकडी भिंत खपवून घेणारं कोणीतरी. पोरग्याला तिन्ही मिळतात. काकांच्या हाताखाली अकरा वर्षं माल देणाऱ्या मावशींना मी विचारलं, मावशी, तुम्ही का नाही घेत थापी? त्या म्हणाल्या, "जेवायच्या सुट्टीत लेकराला पाजायचं, का थापी धरायची? आन् धरली तर मानसं काय म्हनतील, ह्या गवंड्याच्या लई मागंमागं करती." नवरा गवंडी असेल तर शिकवेल, असं मला वाटलं होतं. पण नवरा-बायको कामावर येतात ती 'जोडी' म्हणून. मुकादम जोडीचा भाव ठरवतो, उचल जोडीला देतो आणि पैसे नवऱ्याच्या हातात ठेवतो. दोघंही थापी घेऊन बसली तर त्यांना माल कोण देणार? मग तिसरा माणूस लावावा लागेल. म्हणजे बायको बिगारी राहण्यातच जोडीचं गणित जमतं.

तिसरी गोष्ट मला आमच्याच पुस्तकात सापडली. एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंगच्या जुन्या पुस्तकांत रेट ॲनालिसिसचे तक्ते असतात. दहा घनमीटर वीटकामाला किती माणसं लागतील, कोणत्या दराने. त्यात हेड मेसन, मेसन, भिश्ती, मजदूर पुरुष, मजदूर स्त्री अशा ओळी असतात. बघा, मेसनपुढे 'पुरुष' असं लिहिलेलं नाही, कारण ते लिहायची गरजच कोणाला वाटली नाही. बाईला तक्त्यात एकच ओळ, सगळ्यात खालची. हा तक्ता पाठ करूनच आपण परीक्षा पास होतो आणि पुढे तसंच टेंडर भरतो.

आणि इथेच कायदा निसटतो. समान कामाला समान वेतन, हा कायदा आपल्याकडे १९७६ सालीच झाला. आता तो २०१९ च्या वेतन संहितेत सामावला गेला आहे. पण 'समान काम' असेल तर ना! बाई कायम बिगारी आणि पुरुष गवंडी असेल तर कागदावर कोणताच भेदभाव होत नाही. पगार कामामुळे कमी, काम बाई असल्यामुळे खालचं, आणि दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत.

थोडं विषयांतर करते. मराठीत गवंडीचं स्त्रीलिंग काय? मी रूममेटला विचारलं, ती मराठी मीडियमची. ती म्हणाली 'गवंडीण'. पण गवंडीण म्हणजे गवंड्याची बायको, जशी पाटलीण किंवा सुतारीण. भिंत बांधणाऱ्या बाईला आपल्याकडे शब्दच नाही. गंमत म्हणजे विणीचा पक्षी आपण 'सुगरण' म्हणून ओळखतो, आणि प्रत्यक्षात तो लोंबता खोपा विणतो नर! पक्ष्यांमध्ये आपण बांधकामाचं श्रेय बाईला देऊन टाकलंय, साईटवर मात्र उलट. झारखंडमध्ये बायकांनी हा प्रश्न झकास सोडवला. पुरुष गवंडी 'राजमिस्त्री', तर बाई 'रानी मिस्त्री'! त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

आता तुम्ही म्हणाल, चाललंय ते चालू दे, निदान काम तर मिळतंय. पण ते तरी किती दिवस? आमच्या विंगच्या तिसऱ्या स्लॅबला रेडी मिक्सची गाडी आली आणि पंप लावला. पूर्वी स्लॅबच्या दिवशी घमेल्यांची साखळी लागायची, तिथे आता एक पाइप आणि तो धरणारे पुरुष. आठ मावश्यांना आदल्या दिवशी सांगितलं, "उद्या खाडा." त्या दिवसाची हजेरी बुडाली. मोठ्या शहरांतल्या टॉवरच्या कामांवर तर ॲल्युमिनियमचं फॉर्मवर्क असतं, ज्याला सगळे मिवान म्हणतात. त्यात भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात, म्हणजे वीट नाही, आणि विटा वाहणंही नाही. टॉवर क्रेन आली, लिफ्ट आली, मोठे हलके ब्लॉक आले. यंत्र सगळ्यात आधी वाहण्याचं काम खातं, आणि बायकांकडे नेमकं तेवढंच काम आहे. माझ्या मते हा या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. डोक्यावर ओझी वाहायचं काम बंद होतंय याचं दुःख करायचं कारण नाही, त्याने मान आणि मणके झिजतात. पण घमेलं गेलं आणि थापी मिळालीच नाही, तर ज्या धंद्यात आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या आहेत त्यातून त्या बाहेर पडतील. मग आपणही अमेरिकेसारखे 'बायकांना बांधकामाकडे वळवावे कसे' यावर सेमिनार घेत बसू.

अमेरिकेचं जाता जाता सांगते. तिथल्या सरकारने १९७८ मध्ये केंद्राच्या पैशाने चालणाऱ्या बांधकामांसाठी लक्ष्य ठरवलं, की कामाच्या एकूण तासांपैकी ६.९ टक्के तास बायकांचे असावेत. आज जवळजवळ पन्नास वर्षांनी तिथे प्रत्यक्ष बांधकामाच्या कुशल कामांत बायका सुमारे ४ टक्के आहेत. ज्या सरकारी आदेशाच्या आधारावर हे लक्ष्य उभं होतं तो आदेशच जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. तिथल्या बायकांच्या तक्रारी वाचल्या की ओळखीच्या वाटतात. शिकाऊ म्हणून घेतात आणि झाडू हातात देतात. काम कमी झालं की पहिली कपात त्यांची. काम सकाळी सहा-सातला सुरू होतं, तेव्हा एकही पाळणाघर उघडलेलं नसतं. म्हणजे नुसतं लक्ष्य ठरवून भागत नाही.

मग कुठे जमलं? जमलेली उदाहरणं आपल्याच देशात आहेत, आणि पहिलं आपल्याच महाराष्ट्रात.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते, आणि पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसं गेली. आमच्या अर्थक्वेक इंजिनिअरिंगच्या पुस्तकात हा भूकंप आहे. घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची होती, वर मातीचं जड माळवद. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, त्यामुळे भिंती उभ्या फाटल्या आणि माळवद खाली आलं. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं. जी घरं पूर्ण पडली नव्हती ती दुरुस्त आणि मजबूत करण्याच्या कार्यक्रमात, 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने, गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. नाव जरा सरकारी आहे, पण काम महत्त्वाचं. भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवले का, कोपरे बांधले का, घराभोवती काँक्रीटचा पट्टा नीट फिरवला का, हे त्या शिकल्या, घरमालकांना समजावू लागल्या आणि गवंड्याकडून करून घेऊ लागल्या. काही जणी स्वतःही बांधकाम शिकल्या. २६ जानेवारी २००१ ला कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूर भागातल्या याच बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगितला. सहावी-सातवी शिकलेली बाई दुसऱ्या राज्यात जाऊन भूकंपरोधक बांधकाम समजावते, आणि आम्ही तेच व्हायव्हाला अडखळत सांगतो!

केरळमध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी परदेशी मदतीने पाणी आणि स्वच्छतेची मोठी योजना चालू होती. हजारो संडास बांधायचे होते आणि गवंडी मिळत नव्हते. तेव्हा गावातल्या बायकांना गवंडीकाम शिकवलं. पुढे त्यांतल्याच बायकांची त्रिशूरमध्ये 'जीवपूर्णा' नावाची महिला गवंड्यांची संस्था उभी राहिली आणि ती स्वतः घरांची कामं घेऊ लागली. पुरुष गवंड्यांनी सुरुवातीला टिंगल केली, विरोध केला. पण संस्थेकडे स्वतःचं काम असल्यामुळे त्या टिंगलीने कोणाची हजेरी बुडत नव्हती.

झारखंडची गोष्टही संडासांचीच. स्वच्छ भारत मोहिमेत २०१६ नंतर गावोगावी संडास बांधायची घाई झाली. राजमिस्त्री कामासाठी परराज्यांत गेलेले. तेव्हा बचत गटांतल्या बायकांना शिकवलं, आणि त्या झाल्या रानी मिस्त्री. सरकारने सांगितलेला आकडा ५० हजारांच्या वर आहे. तो थोडा फुगवलेला आहे असं धरलं तरी ही संख्या लहान नाही. आणि या कामात एक सोय होती. संडास लहान, एकमजली. उंच परांची बांधावी लागत नाही. काम आपल्याच गावात, म्हणजे मूल सासूकडे ठेवून जाता येतं. चार-पाच जणी मिळून काम, त्यामुळे एकटीकडे कोणी वाकड्या नजरेने बघत नाही. एखादी भिंत वाकडी झाली तर पाडून पुन्हा बांधायला वेळ मिळतो. म्हणजे मिस्त्रीकाकांना चुलत्याकडून जे मिळालं, तेच या बायकांना गटातून मिळालं. पण संडास संपले की काय, हा प्रश्न तिथेही आलाच. काहींना पंतप्रधान आवास योजनेच्या घरांचं काम मिळालं. ज्यांना नाही मिळालं त्यांची थापी घरात पडून राहिली असणार.

अहमदाबादच्या 'सेवा'ने वेगळा मार्ग घेतला. त्यांच्या महिला हाउसिंग ट्रस्टने २००३ च्या सुमारास 'कर्मिका' नावाची शाळा काढली, फक्त बांधकाम मजुरांसाठी. वीटकाम, प्लास्टर, लादी, रंग, प्लंबिंग असे कोर्स. या अनुभवातून शिकण्यासारखं हे, की सर्टिफिकेट मिळालेली प्रत्येक बाई गवंडी होत नाही. ती सकाळी नाक्यावर उभी राहते, आपल्या पुण्यात त्याला मजूर अड्डा म्हणतात. ठेकेदार येतो, विचारतो, "दोन गवंडी, तीन बायका." गवंडी आणि बायका, दोन वेगळ्या जाती असल्यासारखं! पिशवीत थापी आणि सर्टिफिकेट असलं तरी ती त्या तीन बायकांतच मोजली जाते. त्या दिवशी चूल पेटवायची असेल तर घमेलं उचलणं भाग आहे. म्हणून नुसतं ट्रेनिंग देणाऱ्या योजनांवर माझा फारसा विश्वास नाही. किल्लारी, त्रिशूर आणि झारखंड या तिन्ही ठिकाणी बायका नाक्यावर उभ्या राहिल्या नाहीत. काम आधी ठरलेलं होतं, शिकणं त्याच्या जोडीने झालं, आणि बायका गटाने होत्या.

आता टिकण्याचं. थापी मिळाली तरी बाई साईटवर टिकते की नाही हे ज्या गोष्टींवर ठरतं त्या ऐकायला अगदी साध्या आहेत.

एक म्हणजे मूल. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधी शताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. तिथे मातीत पडलेली मजुरांची तान्ही बाळं बघून मीरा महादेवन यांनी एका तंबूत पाळणाघर सुरू केलं. तेच 'मोबाईल क्रेशेस'. साईट हलली की पाळणाघरही हलतं. मुंबई आणि पुण्यातही हे काम पोचलं, पुण्यात आता 'तारा मोबाईल क्रेशेस' या नावाने चालतं. पाळणाघर असलं की मोठ्या बहिणीला शाळा सोडून बाळ सांभाळावं लागत नाही, म्हणजे पुढची बिगारी तयार होणं थांबतं. आणि आईला जेवणाच्या सुट्टीतला तो अर्धा तास मिळतो, ज्यात थापी शिकली जाते.

१९९६ च्या बांधकाम मजूर कायद्यात ५० हून जास्त स्त्री कामगार असलेल्या साईटवर पाळणाघर सक्तीचं होतं. आता तुम्ही ठेकेदार आहात असं समजा. तुम्ही हजेरीपत्रकावर किती बायका दाखवाल? जोडीतल्या नवऱ्याचंच नाव लिहिलं की बाई कागदावर नाहीच! २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ५० ची मोजणी फक्त बायकांची न राहता एकूण कामगारांची झाली. ही सुधारणा चांगली आहे. बाई कामावर ठेवली म्हणून पाळणाघराचा खर्च वाढतो, हा हिशेबच त्यामुळे संपतो. मात्र लहान साईटला ती लागू होत नाही, आणि आपल्याकडच्या बऱ्याच साईट लहानच असतात.

नाव नसण्याचा दुसरा तोटा असा. राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद करायची तर गेल्या वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंद झाली की मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला मदत मिळते. मावशींनी अकरा वर्षं काम केलंय, पण त्यांचे ९० दिवस कुठेच लिहिलेले नाहीत.

संडासाबद्दल जास्त लिहीत नाही, रेक्टर मॅडम मासिक वाचतात. एवढंच सांगते, की साईटवर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. मे महिन्यात, पुण्याच्या उन्हात. का, ते कळलं असेलच.

मग कपडे आणि साधनं. परांचीवर बाई का चढत नाही? साडीत बांबूवर चढणं धोक्याचं, आणि खाली पुरुष उभे. म्हणून ती जमिनीवरचीच कामं करते, आणि जमिनीवर शिकण्यासारखं थोडंच असतं. सेफ्टी बेल्ट, बूट, हातमोजे सगळं पुरुषांच्या मापाचं. आमच्या एका साईट व्हिजिटला मुलींना दिलेली हेल्मेट अंबाड्यावर नुसती डुगडुगत होती, तेव्हा फोटो काढून सगळे हसलो. पण उंचीवर काम करताना सैल बेल्ट असणं म्हणजे बेल्ट नसणंच. अमेरिकेत बांधकामावरची साधनं त्या त्या कामगाराच्या अंगाला नीट बसलीच पाहिजेत असा स्पष्ट नियम १३ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. आपल्याकडे निदान साडीवर घालायला शर्ट आणि पायाला बूट एवढं तरी ठेकेदाराने द्यायला हरकत नसावी.

शेवटी आपल्याबद्दल, म्हणजे सिव्हिलच्या मुलामुलींबद्दल. पुढच्या वर्षी आपल्यातले कितीतरी जण ज्युनियर साईट इंजिनिअर म्हणून लागतील. कायदे करणं आपल्या हातात नाही. पण एक गोष्ट मला दिसते. वीटकाम कमी होत असलं तरी लादी, डॅडो, जिप्सम, पुट्टी-रंग, वॉटरप्रूफिंग ही फिनिशिंगची कामं वाढतच आहेत. ती घराच्या आत, सपाट जमिनीवर असतात. उंच परांची नाही, उघड्यावर काम नाही, आणि लादीला तर डोळा व हात दोन्ही बारीक लागतात. बाईला थापी द्यायची सुरुवात करायला याहून बरी जागा नाही. नव्या विंगच्या बाथरूमची लादी सुरू झाली तेव्हा मी मिस्त्रीकाकांना म्हटलं, काका, मावशींना एक बाथरूम देऊन बघा ना. ते म्हणाले, "देईन हो, पण साहेब विचारतील हे कोणी लावलं, तर काय सांगू? आन् हजेरी कुठली लावू?"

त्यांचा प्रश्न बरोबर आहे. हजेरीपत्रकात नावापुढे 'कामाचा प्रकार' असा एक रकाना असतो. तो मुकादम भरतो, पण खाली सही साईट इंजिनिअरची लागते.